दोन्ही बाजूंनी तात्या

आमच्याकडे लंकेचा टेपरेकॉर्डर आहे, ही बातमी बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्याच दिवशी पसरली. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा आईनं भांडी, गाद्या, देव्हारा सगळं हमालांच्या हवाली केलं आणि टेपरेकॉर्डर तेवढा मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत टेम्पोतच बसून राहिली. दोन कॅसेटींचा, चंदेरी रंगाचा, वर पकडायला दांडा असलेला तो मोठा टेप होता. तळमजल्यावरचे राणेकाका मालवणचे, जिभेला हाड नसलेले. ते म्हणाले, "वहिनी, रामानं लंकेहून सीता आणली, तुमच्या मिस्टरांनी टेप आणला." आई हसली. जिन्यात कपाट धरून उभे असलेले तात्या हसले नाहीत. आम्हाला सवय होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तात्या म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे, सैन्यात ट्रक चालवायचे, नाईक म्हणून निवृत्त झाले. शेवटची दोन वर्षं ते शांतिसेनेबरोबर लंकेत होते. परत आले ते पेन्शन घेऊनच, आणि वसईच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर म्हणून लागले. सैन्य सुटलं होतं पण शिस्त सुटली नव्हती. बोळिंजला तेव्हा पाण्याची बोंब होती, टँकर आला की बायका हंडे घेऊन एकमेकींच्या अंगावर जायच्या. तात्यांनी एका रविवारी खाली जाऊन सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि स्वतः शेवटी उभे राहिले. त्या दिवशी आमच्या वाटणीचं पाणी संपलं. आईनं तोंडाचा पट्टा सोडला, तात्या मुकाट्यानं भाकरी आणि खर्डा खात राहिले. ते भराभर जेवायचे, ताट इतकं स्वच्छ करायचे की घासायला काही उरू नये, आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. जेवण झाल्यावरही बोलायचे नाहीत म्हणा.

टेपरेकॉर्डरबाबत त्यांचा एकच नियम होता. डावीकडच्या कप्प्यातली कॅसेट काढायची नाही. आमची गाणी, आमची भाषणं, सगळं उजवीकडे. अर्थात तात्या कामावर असताना मी डावीकडची लावून ऐकलीच. मिनिटभर कुणीतरी बाई तमिळमध्ये काहीतरी सांगत होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या, मग नुसती खरखर. मला वाटलं, दुकानदारानं चाचणीसाठी काहीबाही भरून ठेवलं असेल. टेप तात्यांनी तिथल्या दुकानातून विकत आणला, असंच घरात सांगितलं गेलं होतं.

कॉलेजात मी वादविवाद करायला लागले. आज लोक टीव्हीवर चार तोंडांनी एकदम ओरडतात त्यालाही वादविवाद म्हणतात, पण आमच्या वेळच्या स्पर्धेची रीत ठरलेली असायची. प्रत्येक कॉलेजची दोघांची जोडी. एकानं विषयाच्या अनुकूल बोलायचं, लगेच पाठोपाठ दुसऱ्यानं प्रतिकूल. आपल्याच जोडीदाराचं म्हणणं खोडून काढायचं, आणि शेवटी दोघांचे गुण एकत्र करून फिरता करंडक. विषयाचा निकाल कधी लागायचाच नाही, लागायचा तो जोडीचा. त्यामुळे सगळ्याच जोड्या आधी घरी बसून शिवणकाम करायच्या. मी माझ्या भाषणात मुद्दाम एक भोक ठेवायचं आणि माझ्या जोडीदारणीनं बरोबर त्यातच बोट घालायचं, की परीक्षकांना वाटावं, काय हजरजबाबी मुलगी आहे. आम्हाला यात काही लबाडी वाटत नसे. आमचे मराठीचे सरच ती विद्या शिकवायचे.

माझी जोडीदारीण फिलोमिना. जवळच्या नंदाखाल गावची, केळीच्या वाडीतली, बापाला सकाळी केळीचे घड उतरवायला मदत करून मग कॉलेजला येणारी. तिच्या घरी जी बोली बोलत ती मला पहिले सहा महिने एक अक्षर कळली नाही. माझ्याशी मात्र ती पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलायची आणि इंग्रजी तर आमच्या वर्गात तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. येताना सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, आणायची, केळीच्या खोडाच्या सोपटात बांधलेली. आईला ती इतकी आवडत की फिलू आली म्हटल्यावर आधी तिच्या पिशवीकडे बघायची. मी तेव्हा फिलूला बहीण म्हणायचे. मनापासून म्हणायचे, हे नोंदवून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही.

त्या वर्षी विषय आला तो असा: परदेशांतील लष्करी हस्तक्षेपामागे आर्थिक हेतूच असतो. कुवेतच्या युद्धाला तीन-चार वर्षं होऊन गेली होती, जळत्या तेलविहिरी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. अनुकूल बाजू माझ्याकडे आली. मला वाटलं, माझ्याएवढी नशीबवान स्पर्धक जिल्ह्यात नसेल. बाकीचे वर्तमानपत्रांची कात्रणं जमवत बसतील, माझ्या घरात परदेशात जाऊन आलेला सैनिक बसलाय. मी वही-पेन घेऊन तात्यांसमोर बसले. तुम्हाला तिकडे कशासाठी पाठवलं, त्यात देशाचा फायदा काय होता, लोकांना तुम्ही हवे होतात की नको होतात, असे ओळीनं अकरा प्रश्न लिहून आणले होते. तात्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"तितलं काय बी सांगण्याजोगं न्हाई," ते म्हणाले. "ट्रक चालवला. परत आलो."

मी हट्ट केला, रुसले, आईला मध्ये घातलं. उपयोग शून्य. आता माझ्या मुलाला मी कधी असे प्रश्न विचारते तेव्हा तोही मोबाइलवरून मान वर न करता 'काही नाही' म्हणतो, आणि मला त्या अकरा प्रश्नांची लाज वाटते. जबानी घेतल्यासारखे प्रश्न होते ते. त्यात 'तात्या, तुम्ही तिथे जेवत काय होतात' हा प्रश्न नव्हता.

तो फिलूनं विचारला. तयारीसाठी मी तिच्या घरी गेले होते आणि संध्याकाळी तात्या मला न्यायला सायकलवरून नंदाखालला आले. मी आत माझे कागद गोळा करत होते. खिडकीतून दिसत होतं, तात्या विहिरीपाशी उभे होते. समोर केळी, पलीकडे नारळ, बांधावर दोन ताड. फिलूच्या आईनं चहा दिला तो हातात धरून ते नुसते बघत होते, चहा प्यायचाही विसरले होते. फिलू जवळ गेली, काहीतरी बोलली. तात्या म्हणाले, "आसंच व्हतं तितं. आगदी आसंच." फिलूनं विचारलं, काका, तिकडे तुम्ही जेवत काय होतात? मग ते बोलायला लागले. माझे तात्या, जे टँकरच्या रांगेत चार शब्दांवर काम भागवायचे, ते हातवारे करून बोलत होते. लाल भाताबद्दल काही, विहिरीबद्दल काही. मी पळत बाहेर गेले तशी बोलणं थांबलं. तात्यांनी कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "चला."

त्यानंतर फिलू आमच्याकडे आली की तात्या घरात असले तर तिच्याशी बोलायचे. फार नाही, पण बोलायचे. एकदा मी दूध घेऊन परत आले तर दोघं गॅलरीत बसले होते, फिलू काहीतरी लिहीत होती आणि तात्या बाजूला बसून तिच्या पेनाकडे बघत होते. मला पाहून त्यांनी पाकीट वर्तमानपत्राखाली सारलं. मी फिलूला खोदून विचारलं. ती म्हणाली, काकांनी कुणाला सांगू नको म्हटलंय. मी वर वर म्हटलं, बरं. आतून माझा जळफळाट झाला. बाप माझा, टेपरेकॉर्डर माझ्या घरातला, विषय माझा, आणि गोष्ट मात्र नंदाखालच्या पोरीला.

स्पर्धा माणिकपूरच्या एका सभागृहात होती. चिठ्ठ्या टाकल्या त्यात आमचा नंबर पाचवा आला. पहिल्या चारही जोड्यांनी कुवेतचं तेल असं काही उपसलं की आम्हाला थेंबही उरला नाही. चौथ्या जोडीनं तर आम्ही शिवून ठेवलेलं भोक आणि बोट, दोन्ही जसंच्या तसं वापरलं. सर मागच्या खुर्चीवरून मला खुणा करत होते की वेगळं काहीतरी बोल. माझं नाव पुकारलं गेलं, मी माइकपाशी गेले आणि समोर पाहिलं तर सभागृहाच्या शेवटच्या दाराशी तात्या उभे होते. कामावरून थेट आले होते, अंगात तो निळा गणवेश, टोपी काढून हातात धरलेली. याआधी माझ्या एकाही स्पर्धेला ते आले नव्हते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईला नाही, नवऱ्यालाही नाही. सगळे समजतात की बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून गेलं आणि तात्या तिथे आहेत हे मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्यांना पाहिलं, आणि पाहिलं म्हणूनच बोलले.

पाच मिनिटं मी ठरलेलं बोलले. मग आवाज खाली आणला, सरांनी शिकवला होता तसा. म्हटलं, "पण तेलापर्यंत कशाला जायचं? माझ्या घरी या. माझे वडील शांतिसेनेतून लंकेला गेले होते. तिथे शांतता किती आली ते मला ठाऊक नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर मात्र आला." सभागृह खो खो हसलं. मग टाळ्या. मी आणखी पुढे गेले. म्हटलं, मोठे देश खाणी आणि विहिरी आणतात, छोटा शिपाई टेपरेकॉर्डर आणतो, हेतू एकच, माप वेगळं. पुन्हा टाळ्या. शेवटची घंटा झाली. मी परत येताना दाराकडे पाहिलं नाही.

फिलू उठली तेव्हा तिच्या हातात आमचा कागद होता. तो तिनं माइकखालच्या टेबलावर उलटा ठेवला. मग ती दाराकडे बघत बोलायला लागली.

"तो टेपरेकॉर्डर मी पाहिलाय," ती म्हणाली. "तो माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचा नाही. तो एका म्हाताऱ्या शाळामास्तरांचा आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. ज्या गावात तात्यांची चौकी होती तिथे हे मास्तर राहत. त्यांची विहीर गोड्या पाण्याची, तात्या तिथे ट्रकचे पिंप भरायला जात. मास्तरांची बायको वारली होती, मुलगी आधीच बोटीनं मद्रासला गेली होती. गाव रिकामं होण्याची वेळ आली तेव्हा मास्तरांनी टेप तात्यांच्या हातात दिला, मुलीचा पत्ता दिला आणि सांगितलं की आत तिच्या आईचा आवाज आहे, एवढा पोचवा. तात्या परत येताना मद्रासला उतरून त्या पत्त्यावर गेले. तिथे कुणी नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी ते पत्र टाकतात, ते परत येतं. हिंदीतलं पत्र कुणाला वाचता येत नसेल म्हणून या वर्षीचं त्यांनी इंग्रजीतून लिहून घेतलं. "ते मी लिहिलं," फिलू म्हणाली. "तेही परत आलं. सैनिक परक्या देशातून काय घेऊन येतो, असं विचारलं गेलं. हा सैनिक दुसऱ्याची ठेव घेऊन आला आणि ती परत करता येत नाही म्हणून चार वर्षं झुरतोय. यात आर्थिक हेतू कुठे बसतो, ते सन्माननीय पूर्ववक्त्यांनी सांगावं."

सन्माननीय पूर्ववक्त्या म्हणजे मी. मी खुर्चीत बसून माझ्या स्वतःच्या वडिलांची गोष्ट तीनशे लोकांबरोबर पहिल्यांदा ऐकत होते. लोक डोळे पुसत होते. दाराशी तात्या सावधान उभं राहावं तसे उभे होते, फिलूचं भाषण संपेपर्यंत. टाळ्या सुरू झाल्या तशी त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते निघून गेले.

करंडक आम्हालाच मिळाला. यात नवल नाही. मुख्य परीक्षकांनी आमचं खास कौतुक केलं. एका साध्या टेपरेकॉर्डरची कल्पना करून तिचा दोन्ही बाजूंनी इतका परिणामकारक वापर या मुलींनी केला, ही पूर्वतयारी इतरांनी शिकण्यासारखी आहे, असं ते म्हणाले. सर उठून नमस्कार करत होते. म्हणजे त्या सभागृहात कुणालाही असं वाटलं नाही की हा माणूस खरा आहे, आत्ता दाराशी उभा होता आणि आता वसई रोडच्या रिक्षा स्टँडवर एकटा उभा असेल. करंडकाची एक कड मी धरली होती, दुसरी फिलूनं. फोटो काढला. त्या फोटोत आम्ही दोघी हसतोय, माझ्याकडे तो अजून आहे, मी तो फाडलाही नाही आणि कुठे लावलाही नाही. बाहेर आल्यावर फिलू रडायला लागली. म्हणाली, ते तिथे उभे होते गं, मी त्यांना तसं कसं उभं राहू देऊ. मी तिला म्हटलं, तुला माझा बाप वाचवायला कुणी सांगितलं होतं? आम्ही त्यानंतर बोललो नाही. पुढच्या वर्षी मी वेगळी जोडीदारीण घेतली. तीही बरी बोलायची.

घरी आले तेव्हा तात्या जेवून पेपर वाचत बसले होते. टेपरेकॉर्डर नेहमीच्या जागी, वर आईनं विणलेला रुमाल. आईला काही कळलेलं नव्हतं, ती करंडकाला हळद-कुंकू लावायला लागली.

"भेटलं का बक्षीस?" तात्यांनी विचारलं.

"पहिलं."

"मंग कुनाचं खरं ठरलं? तुजं का तिचं?"

मी म्हटलं, तात्या, यात तसं नसतं, दोघींचे गुण एकत्र करतात. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे दोनी बाजूंनी मीच." आणि पेपर वाचायला लागले. पुढच्या रविवारी टेपरेकॉर्डर घोंगडीत गुंडाळून त्यांनी आपल्या काळ्या ट्रंकेत ठेवला. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, खराब झालाय. पत्र त्यांनी पुन्हा कधी टाकलं नाही, हे आईनं मला नंतर सांगितलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. माझी फी भरली, लग्न लावून दिलं, मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा तासभर नातवाला मांडीवर घेऊन बसले. मी तीन वेळा विचारायला गेले आणि तिन्ही वेळा पाणी मागून परत आले. चौथी वेळ येण्याआधी ते गेले.

ट्रंक उघडली तेव्हा टेपच्या डाव्या कप्प्यात कॅसेट होती, फीत चिकटून गेलेली. खाली एकच पाकीट होतं, टपालखात्याचे शिक्के मारून परत आलेलं. आत फिलूच्या वळणदार अक्षरात इंग्रजी तीन ओळी. तुमचं यंत्र माझ्याकडे आहे. मी ते नीट ठेवलं आहे. काय करावं ते कळवा. बस्स. मास्तरांचा उल्लेख नाही, आईच्या आवाजाचा नाही, यंत्र कसं आलं त्याचाही नाही. मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल. ठेव सांभाळणारा माणूस असंच पत्र लिहील. आणि रिकाम्या पडलेल्या घरातून एखादी वस्तू उचलून आणलेला, मग पस्तावलेला माणूसही असंच लिहील. टेपमधली ती बाईसुद्धा दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून चालते.

शेवटी मी फिलूला शोधून काढलं. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. फोनवर तिनं माझा आवाज लगेच ओळखला, तात्या गेल्याचं मी तिला सांगितलं. मी म्हटलं, फिलू, मला काही नको, फक्त विहिरीपाशी आणि गॅलरीत तात्या तुला नेमकं काय काय म्हणाले ते जसंच्या तसं सांग. ती सांगायला लागली आणि अडली. पुन्हा लागली, पुन्हा अडली.

"लाल भात म्हणाले, विहीर म्हणाले, हे पक्कं," ती म्हणाली. "पत्ता त्यांनीच दिला. पण बाकीचं... सुमन, मला त्या दिवशी सात मिनिटं भरायची होती गं. काका किती बोलले आणि मी किती घातलं, ते आता मलाच सांगता येत नाही."

मी फोन ठेवला. माझ्या वडिलांबद्दल मला जे माहीत आहे ते एवढंच, आणि तेही स्पर्धेतलं. त्या दिवशी मी ज्या बाजूनं बोलले ती बाजू खोटी असावी, एवढंच मला आता या वयात हवं आहे. तसं सांगू शकणारा माणूस दाराशी टोपी धरून उभा होता, आणि मी माइकवर होते.